जोत्याखालचा सोपारा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांना भाषणाच्या आधीचे भाषण आवडत नसे, असे व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला सांगितले आहे. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

मला आज एक हरकत नोंदवायची आहे. वसई तालुक्यातल्या सोपाऱ्याच्या स्तूपाभोवती, चक्रेश्वराच्या तळ्याच्या बाजूला, जुन्या वाड्यांच्या मधे, खाडीकडे उतरणाऱ्या सखल पट्ट्यात अजून जी थोडीफार मोकळी जमीन उरली आहे, तिच्यावर आणखी गृहसंकुले उभी राहू नयेत. कोणत्या बिल्डरची, कोणत्या पक्षाच्या माणसाची, कायदेशीर की बेकायदा, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुसरा आहे. नकाशावर निवासी रंग दिलेला असला, सगळे शिक्के रीतसर मारलेले असले, तरीही माझी हरकत आहे. ती का, आणि तुम्हीही का घ्यावी, एवढेच सांगायला मी आलो आहे.

माझे आयुष्य नगररचनेच्या कामात गेले. हरकती ऐकणाऱ्या टेबलाच्या पलीकडे मी बसलेलो आहे. त्यामुळे हरकत कशी ऐकली जाते आणि कशी गुंडाळून ठेवली जाते, हे मला आतून माहीत आहे. त्याबद्दल शेवटी बोलेन.

आधी १८८२ साल. सोपाऱ्यात एक टेकाड होते. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. भगवानलाल इंद्रजी तिथे आले. जुनागढचा हा माणूस, पदवी वगैरे काही नाही, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून त्यांनी शिलालेखांच्या नकला आणि ठसे घेतले होते. ब्राह्मी वाचण्यात त्यांचा हात धरणारे त्या काळात फार थोडे होते. मुंबई गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांची त्यांना साथ होती. टेकाड खणल्यावर विटांची कोठी लागली आणि कोठीत दगडी करंडा. करंड्याच्या मधोमध तांब्याची डबी, तिच्याभोवती मैत्रेय आणि सात बुद्ध अशा आठ धातूच्या मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची, आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते कोणी एके काळी जपून ठेवले होते. जोडीला सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. हा ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

नाणे दुसऱ्या शतकातले आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी तो स्तूप उघडला, आतल्या ठेव्याला नमस्कार केला, स्वतःकडून आठ मूर्तींची भर घातली आणि पुन्हा बंद केला. त्या माणसांनाही आपल्यासारखाच जुना वारसा सांभाळायचा होता. आपल्यापेक्षा त्यांनी तो बरा सांभाळला.

त्याच वर्षी भाटेला तळ्याजवळ भगवानलालना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या काही ओळी होत्या. शिकारीच्या सहली सोडून आपण धर्मयात्रा कशी सुरू केली, हे अशोक ज्यात सांगतो, तो हा लेख. मग १९५६ साली, म्हणजे ७४ वर्षांनी, काही किलोमीटरवरच्या भुईगावात दुसरा तुकडा मिळाला. तो नवव्या लेखाचा. अशोकाच्या मोठ्या शिलालेखांची संख्या चौदा. सोपाऱ्यात चौदाही लेख कोरले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात या लेखांचे दुसरे ठिकाण नाही.

चौदातले दोन मिळाले. दोन्ही फुटलेले, एकमेकांपासून दूर, आणि दोन्ही स्तूपाच्या कुंपणाबाहेर. उरलेल्या बारांपैकी काही अजून जमिनीत असतील, तर ती जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, किंवा तिच्यावर आधीच सात मजले चढले आहेत. स्तूप वाचवला की सोपारा वाचला, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन दगडांचा विचार करावा.

कारण सोपारा हे एक बंदराचे शहर होते. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाला येतात. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचे नाव आहे, टॉलेमीकडे आहे, जातककथांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या माणसाने दिलेला आहे, आणि तसे खांबावरच कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या गावी आपण चौसोपी निवारे आणि उतारूंसाठी विश्रांतिस्थाने बांधून दिली, असे तो सांगतो. त्यातले शोर्पारग म्हणजे आपला सोपारा. इथल्या रामतीर्थावरील चरक संन्याशांच्या समूहालाही त्याच्या बत्तीस हजार नारळाच्या झाडांच्या दानातला वाटा मिळाला होता. सोपाऱ्यात घरे बांधल्याची लेखी नोंद त्यामुळे जवळजवळ एकोणीसशे वर्षांची आहे. घरे बांधायला माझा विरोध कसा असेल? उषवदाताने मात्र ती वाटसरूंसाठी बांधली होती आणि तिथे राहणाऱ्याला कर्ज काढावे लागत नव्हते.

बाराशे वर्षे पुढे या. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मिशनरी मारले गेले. त्यांचा सोबती जोर्दानुस याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. पोर्तुगीजांनी वसईत पाय ठेवण्याआधी दोनशेहून अधिक वर्षांची ही गोष्ट. शिलाहारांच्या लेखांत सोपारा आहे, अरबी प्रवाशांच्या वृत्तांतांत आहे, जैन ग्रंथांत आहे. कोणाही एका धर्माला, जातीला किंवा पक्षाला हे गाव आपल्या नावावर करून घेता येणार नाही. हरकत घेणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. प्रत्येकाचे काहीतरी इथे पुरलेले आहे.

आता कायदा. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. १९९२ च्या अधिसूचनेने आणि नंतर २०१० च्या दुरुस्तीने त्याला दात आले. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित. तिथे नवे बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित. तिथे परवानगी घेऊन बांधता येते. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका फ्लॅटच्या पार्किंगला यापेक्षा जास्त पैसे मोजले जातात, हा भाग सोडून द्या.

मला खुपते ते वेगळेच. स्मारक एक बिंदू धरून ३०० मीटरचे वर्तुळ काढले, तर आत सुमारे २८ हेक्टर येतात. हद्दीपासून मोजल्यामुळे थोडे जास्त. एका बंदराचा, त्याच्या तळ्यांचा, घाटांचा, वस्तीचा, स्मशानाचा पसारा २८ हेक्टरांत मावत नाही. वर्तुळाबाहेरच्या जमिनीला हा कायदा हातही लावत नाही. भुईगावचा दगड वर्तुळाबाहेर सापडला. उद्या तिसरा सापडायचा असेल, तर तोही बहुधा बाहेरच सापडेल. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराला साजेशी वेगळी उपविधी करावी, असे २०१० च्या दुरुस्तीत लिहिलेले आहे. देशात फार थोड्या स्मारकांबाबत ते झाले. तोवर अजिंठ्याला, शनिवारवाड्याला आणि सोपाऱ्याला एकच माप.

आणि वर्तुळाच्या आत तरी सगळे आलबेल असते का? भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांनी २०१३ च्या अहवालात ९२ संरक्षित स्मारके जागेवर आढळत नसल्याचे नोंदवले. पुढे शोधाशोध झाली. संसदेच्या समितीला सरकारने सांगितले की ५० स्मारकांचा पत्ता लागत नाही. त्यांतली १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ कुठे आहेत तेच कळत नाही. २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून काढायला घेतली. धरणाखाली गेलेल्या देवळाचे निदान कळस उन्हाळ्यात दिसतात. शहराखाली गेलेले कधीच वर येत नाही.

बोरिवलीच्या मागाठाण्याची लेणी पाहा. कान्हेरीच्या एका लेखात तिथल्या शेताच्या दानाचा उल्लेख आहे. आज ती लेणी घरांच्या गराड्यात अशी सापडली आहेत की, पत्ता विचारत गेलात तर शेजारचा माणूसही विचारात पडतो. तिथल्या रहिवाशांना मी दोष देत नाही. ते आले तेव्हा त्यांना कोणी सांगितले नाही, आणि ज्यांना माहीत होते त्यांनी वेळेत कागद पुढे केला नाही.

गोव्यात लोकांनी वेळेत आवाज उठवला. जुने गोवे १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०२१ मध्ये तिथे मांडवीच्या काठाला, व्हाइसरॉयच्या कमानीच्या आणि सेंट कायतान चर्चच्या परिसरात एका नव्या बंगल्याचे काम सुरू झाले. गावकरी रस्त्यावर उतरले, धरणे धरले, सरकारला परवान्यांकडे पुन्हा पाहावे लागले, प्रकरण न्यायालयात गेले. एका बंगल्यासाठी एवढे रण! मला त्याचे कौतुक वाटते. त्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळली होती. आदिलशाही वाड्याच्या दरवाजापासून कायतानच्या घुमटापर्यंत आणि तिथून नदीच्या धक्क्यापर्यंत सलग एक जागा आहे. ती एका बंगल्याने तुटते, आणि पहिला बंगला झाला की दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही.

सोपाऱ्यात आपण तोंड कधीच गमावले आहे, असे तुम्ही म्हणाल. नालासोपारा स्टेशनच्या पुलावर उभे राहिले तर चारही दिशांना इमारती. आता काय राखायचे? यावर माझे उत्तर साधे आहे. जिथे इमारती झाल्या तिथला प्रश्न संपला. म्हणूनच उरलेला प्रत्येक मोकळा सर्व्हे नंबर आता जास्त मोलाचा आहे.

इमारतीचा पाया खणताना काय होते, ते पुरातत्त्वाच्या अंगाने कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. उत्खननात माणूस बोटाबोटाने खाली जातो. मातीचा रंग बदलला की थांबतो, नोंद करतो. कोणते खापर कोणत्या थरात होते यावरच त्याचे सगळे ज्ञान उभे असते. थरातून निसटलेले खापर म्हणजे नुसते खापर. पोकलेनचा एक घास घेतला की दोन हजार वर्षांचे थर एकाच डंपरमध्ये कालवले जातात. तो डंपर रात्री कुठल्यातरी खाजणात रिकामा होतो. आपल्याकडच्या एकाच कामात दोन नुकसाने होतात: इथला इतिहास जातो आणि तिथले पाणी अडते.

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. पण साइटवरच्या माणसाला काय दिसते, याचा विचार करा. नेहमीपेक्षा मोठी एखादी वीट, गाळात रुतलेले मडक्याचे काठ, अक्षरे कोरलेला काळा दगड. कळवले तर काम थांबणार, बँकेचे व्याज चालू राहणार, मुकादमाची नोकरी जाणार. कोण कळवेल? माझ्या सगळ्या नोकरीत बांधकामाच्या साइटवरून अशी खबर आपणहून आल्याचे मला आठवत नाही.

आपल्याकडे परवान्याच्या आधी अग्निशमनाची ना-हरकत लागते, झाडे तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची लागते. जमिनीखाली काय आहे हे पाहण्याची सक्ती मात्र स्मारकाच्या वर्तुळाबाहेर नाही. इंग्लंडमध्येही एके काळी नव्हती. १९८९ मध्ये लंडनला टेम्सच्या दक्षिण काठी कार्यालयांची इमारत बांधताना रोझ नाट्यगृहाचे अवशेष लागले. शेक्सपिअरच्या काळातले नाट्यगृह! नटनट्या रस्त्यावर आल्या, विद्वान आले, साधे प्रेक्षक आले. इमारत रद्द झाली नाही, पण तिचा आराखडा बदलला आणि अवशेष तिच्या पोटाखाली सुरक्षित राहिले. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी झाली. १९९० मध्ये तिथल्या सरकारने नियोजनाची मार्गदर्शक सूचना काढली की, पुरातत्त्वाच्या दृष्टीने नाजूक जागी परवानगीचा निर्णय होण्याआधी जमिनीची तपासणी करून घ्यावी, आणि तिचा भार बांधणाऱ्यावर यावा. म्हणजे आधी चर खणून पाहायचे आणि मग ठरवायचे.

सोपाऱ्यासाठी मी एवढेच मागतो आहे. सोपारा, गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या बांधकामाला प्रारंभ प्रमाणपत्र देण्याआधी चाचणी उत्खनन व्हावे. खर्च विकासकाचा आणि देखरेख पुरातत्त्व खात्याची. खाली काही नसेल तर अहवाल तसे सांगेल. काही असेल तर तिथे इमारत नको. महापालिकेने मनावर घेतले तर विकास नियंत्रण नियमावलीत असा फेरबदल सुचवणे तिच्या हातात आहे. दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

पाण्याचे एक सांगायचे राहिले. सोपारा बंदर होते, कारण वसईच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत पाणी फिरत होते. तो मार्ग गाळाने भरत गेला, पण सखल जागा सखलच राहिल्या. जिथे गलबते लागत, तिथेच पावसाचे पाणी आजही धाव घेते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, ते तुम्हाला आठवत असेल. जुनी तळी आणि खाडीचे हात बुजवून त्यावर जोती बांधली, की बंदराचा पुरावा आणि पाण्याची वाट एकदमच बंद होते. इतिहासाशी ज्यांना देणेघेणे नाही, त्यांनी तळमजल्यात शिरणाऱ्या पाण्यासाठी तरी माझ्या बाजूला यावे.

आता सगळ्यात अवघड भाग. माझ्या हरकतीला सर्वांत जोरदार उत्तर बिल्डर देत नाही. ते दुसरेच कोणी देते. गिरणगावातली खोली सुटली, मुलगा लग्नाचा झाला, पगार बेताचा, आणि ज्याच्या हप्त्यात बसेल असे घर चर्चगेटच्या गाडीवर फक्त नालासोपाऱ्यात किंवा विरारला मिळते, असा माणूस विचारतो: तुमच्या विटा मोठ्या की माझी पोरे? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. आता ती किती झाली असेल, ते सकाळच्या फलाटावर कळते. वारसा वाचवणारे बहुतेक आपल्या घरात सुखाने बसलेले असतात, हा त्या माणसाचा टोमणा खोटा नाही.

पण याच माणसाचे पुढे काय झाले, तेही पाहा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. घरे ज्यांनी विकली ते पैसे घेऊन मोकळे झाले. भांडी-अंथरुणे घेऊन रस्त्यावर आली ती घेणारी माणसे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जीव गेले. जिथे बांधू नये तिथे बांधलेले घर स्वस्त असते, कारण त्याची उरलेली किंमत पुढे कधीतरी वसूल होते. चुकीच्या जागेवरच्या बांधकामाला वेळेवर घेतलेली हरकत घर घेणाऱ्याच्याही हिताची आहे, हे आपण त्या माणसापर्यंत जाऊन सांगितले पाहिजे. सभागृहात बसून आपसांत सांगून उपयोग नाही.

हरकत घेताना घरे कुठे व्हावीत हेही सांगितले पाहिजे. मोडकळीला आलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास आहे. स्टेशनाजवळच्या बैठ्या, अर्धवट वापरातल्या जागा आहेत. जिथे जमीन आधीच खणून झाली आहे तिथे उंच जा, माझी ना नाही. मूळ जमीनमालकाचाही विचार हवा. त्याच्या वाडीखाली सातवाहनांची वीट आहे, हा त्याचा गुन्हा नव्हे. त्याची जमीन मोकळी ठेवायची तर त्याला हस्तांतरणीय विकास हक्क द्या, रोख मोबदला द्या, आणि वेळेत द्या. नुसते आरक्षण टाकून वीस वर्षे विसरणे म्हणजे ती जमीन अतिक्रमणाच्या हवाली करणे आहे. आमच्या खात्याने हे पाप भरपूर केले आहे.

गावठाणातल्या कुटुंबाचेही तेच. शंभर मीटरच्या आत राहणाऱ्या माणसाला कौले बदलायची असली, पडवी पक्की करायची असली, तरी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापर्यंत कागद जातो आणि तो माणूस चकरा मारून थकतो. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचे रहिवासी हेच सांगतात. १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीला कायद्यात वाट आहे. ती रुंद आणि सोपी करावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्याच्या पडवीला अडवायचे आणि वर्तुळाबाहेर एका फुटावर चौदा मजल्यांना वाट द्यायची, अशा कायद्याबद्दल गावात आदर कसा राहील? मग स्मारकाचा तिरस्कार सुरू होतो. गावाने ज्याचा तिरस्कार केला ते स्मारक कुंपणाने टिकत नाही.

वसई तालुक्याला हरकत घेणे शिकवावे लागत नाही. १९९० मध्ये इथल्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. त्या काळापासून हरित वसईच्या चळवळीने विहिरींचे पाणी, केळीच्या बागा, भातशेती यांच्यासाठी जे केले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना ते लेखक म्हणून कळले. वसईला ते त्याआधीच मोर्चाच्या पुढे चालताना माहीत होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्या चळवळीने वाडी आणि विहीर हे शब्द सरकारी फाइलीत नेऊन बसवले. जमिनीखालच्या विटांना तसा कैवारी अजून मिळालेला नाही. सोपाऱ्यासाठी कोणी नवे माणूस शोधण्यापेक्षा त्याच चळवळीने हे काम आपले म्हणावे, असे मला वाटते. हिरवा पट्टा आणि पुरातन पट्टा नकाशावर पुष्कळ ठिकाणी एकच आहे.

आता टेबलापलीकडची गोष्ट. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे ते दिले आहे, आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या जागांचे जतन त्यात स्पष्ट आहे. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करताना पुन्हा मागवतात. जाहिरात येते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, आणि बहुतेकदा सणाच्या आसपास. हा योगायोग असतो असे आम्ही म्हणायचो.

सुनावणीत एकेका हरकतीला दोन-तीन मिनिटे मिळतात. पुष्कळ माणसे येऊन म्हणतात, आमचा वारसा वाचवा, ही पवित्र भूमी आहे, पूर्वजांनी अमुक केले. समितीतले लोक मान हलवतात. फाइलीत शेरा पडतो: हरकत सर्वसाधारण स्वरूपाची आहे, बदलाची आवश्यकता नाही. संपले. आणि एखादा शांत माणूस येतो, गाव नकाशाची प्रत उलगडतो, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सांगतो, हे तळे १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आहे, इथे अमुक वस्तू सापडली होती, हा रस्ता तिच्यावरून जातो, तो इतका सरकवला तर तळे वाचते, असे म्हणतो आणि ते सगळे लेखी देतो. त्याच्या हरकतीवर शेरा मारताना पेन थांबते. कारण ती फेटाळायची तर कारण लिहावे लागते, आणि लिहिलेले कारण उद्या न्यायालयात वाचले जाऊ शकते.

त्यामुळे माझी विनंती तरुणांना आहे, विशेषतः महाविद्यालयात इतिहास, भूगोल आणि स्थापत्य शिकणाऱ्यांना. पुढच्या जाहिरातीची वाट पाहू नका. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हाताशी मोजके दिवस असतात. त्यात हे काम होत नाही. आताच सोपारा, गास, निर्मळ, भुईगाव फिरा. प्रत्येक जुने तळे, प्रत्येक उंचवटा, देवळाच्या आणि चर्चच्या आवारात पडलेला प्रत्येक घडीव दगड गाव नकाशावर सर्व्हे नंबरासह मांडा. छायाचित्र काढा, तारीख घाला. म्हाताऱ्या माणसांना विचारा की विहीर खणताना काय निघाले होते. तो नकाशा पुरातत्त्व खात्याला, महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, म्हणजे नंतर कोणालाही आम्हाला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

आणि देताना तोंडी देऊ नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. शिक्का दिला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.